सोसायटीचा सीसीटीव्ही सगळ्यांच्या मोबाइलवर हवा की नको?

चेअरमन_बी_विंग: माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक मजल्यावर कॅमेरा हवा आणि लाइव्ह फीड सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर हवं. पैसे सगळ्यांचे, मग फुटेजही सगळ्यांचं. ज्यानं काही केलेलं नाही त्यानं घाबरायचं कशाला?

रानजाई: हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मजल्यावरचा कॅमेरा दार दाखवतो. घर कधी बंद असतं, कुठली मुलगी किती वाजता घरी येते, कोणाकडे कोण येतं, सगळं. चोराला हीच माहिती हवी असते आणि तुम्ही ती अख्ख्या बिल्डिंगला देणार! गेट, पार्किंग, लिफ्ट, मीटर रूम इथे खुशाल लावा. मजल्यावर लावायचाच असेल तर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क समोरच्या दारांवर ओढा. तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय.

चेअरमन_बी_विंग: तो निकाल सरकारविरुद्धच्या खटल्यातला. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. चोरी झाली की हेच लोक "फुटेज कुठाय" म्हणून कमिटीच्या अंगावर येतात.

डीव्हीआर_दुरुस्ती: फुटेज उरतं कुठे? हिशोब करा. १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट), म्हणजे दिवसाला साधारण ६९० जीबी. ४ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुन्यावर नवं चढतं. एच.२६५ वर, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून साठवण्याच्या पद्धतीवर, २ एमबीपीएस ठेवलं तरी अकरा-बारा दिवस. महिनाभराचं हवं तर १० टीबीच्या वर जागा लागते. त्यात डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, घड्याळ पुढेमागे पळतं, इंटरनेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी चालू नसतं. रेकॉर्डिंगवरची वेळच चुकीची, मग सिद्ध काय करणार?

कायदेकानू: आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप कोर्टात टिकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, हॅश बदलला. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच सांगितलं होतं, मूळ उपकरण हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. म्हणून आधी डीव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, लगेच हॅश काढा, डिस्क बाजूला काढून ठेवा.

चेअरमन_बी_विंग: विषय कोर्टाचा नव्हता! फीड कोणी बघायचं, एवढंच बोला.

रानजाई: मग कामवाल्या बायकांबद्दलही बोला. त्यांच्या आधारची झेरॉक्स गेटवरच्या उघड्या वहीत का? मास्क्ड आधारवर शेवटचे चारच अंक दिसतात, तेवढं घ्या. साहेबांच्या पाहुण्याला साधं ओळखपत्रही विचारत नाही, आणि रोज येणाऱ्या बाईला मात्र पूर्ण नंबर मागता. याची लाज वाटायला हवी.

चेअरमन_बी_विंग: आवाज खाली. आधारचं पटतं, वही कपाटात जाईल. मोबाइल फीडचा आग्रहही सोडतो, सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडेच ठेवू. मजल्यावरचे कॅमेरे मात्र निघणार नाहीत.

रानजाई: मास्कसकट. आणि कोणी कधी फुटेज पाहिलं, त्याची नोंदवही ठेवा.

चेअरमन_बी_विंग: नोंदवहीला हरकत नाही. मास्क कमिटीसमोर ठेवतो, शब्द देत नाही.

डीव्हीआर_दुरुस्ती: नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. बऱ्याच ॲपमध्ये आधी शेअर केलेला ॲक्सेस तसाच राहतो, फ्लॅट विकून गेलेल्याच्या फोनवरही. मुख्य खात्यात जाऊन एकेक शेअर काढा, मग डीव्हीआरमधले जुने युजर उडवा आणि राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत येणारी वाट, बंद करा.