ग्रामीण रुग्णालयाचा ओपीडी आणि वॉर्डचा खर्च वेगळा कसा काढायचा?

लेखाशाखा_ग्रारु: नमस्कार. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. एका ओपीडी भेटीचा आणि एका खाट-दिवसाचा (एक खाट एक दिवस भरलेली असण्याचा) खर्च मागितलाय. कॅशबुक आणि एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) एफएमआर, म्हणजे खर्चाचा अहवाल, हाताशी आहे, पण एफएमआर आरोग्य कार्यक्रमवार असतो, विभागवार नाही. सुरुवात कुठून करू?

जिल्हा_लेखा: कॅशबुकवरून नको. नियमित पगार सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीतून निघतात, लशी वरून येतात. तुमच्या कॅशबुकात त्यांचा मागमूस नसतो. पैसे कुणीही भरोत, वापर तुमच्याकडे झाला की खर्च तुमचाच.

आधी पगार वाटा, सगळ्यात मोठी रक्कम तीच. ड्युटी रोस्टर घ्या. डॉक्टरांच्या आठवड्याच्या ४८ तासांपैकी ३० ओपीडीत जात असतील, तर ८०,००० पगारातले ५०,००० ओपीडीवर. प्रतिनियुक्तीवर (तात्पुरते दुसऱ्या संस्थेत) बाहेर असलेल्यांचा पगार वगळा, बाहेरून आलेल्यांचा धरा. मग कार्यालय, धुलाई, स्वयंपाकघर यांचा खर्च ओपीडी, वॉर्ड, लॅब अशा रुग्णसेवेच्या विभागांवर उतरवा: धुलाई कपड्यांच्या वजनावर, स्वयंपाकघर थाळ्यांवर, वीज क्षेत्रफळावर. मात्र एक्स-रे, ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) आणि डीप फ्रीझरची वीज आधी बाजूला काढा, नाहीतर मोठ्या रिकाम्या खोलीवर बिल चढतं. लॅबचा खर्च चाचण्यांवर वाटताना सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि लघवीची स्ट्रिप एकाच मापाने मोजू नका.

औषधभांडार: औषधांची खरेदी नव्हे, वापर धरा. सुरुवातीचा साठा अधिक आवक, वजा अखेरचा साठा, वजा इतर संस्थांना दिलेलं. मुदतबाह्य माल वेगळ्या ओळीत दाखवा. ई-औषधीत (औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत) वॉर्डला दिलेला माल 'दिला' म्हणून निघून जातो, प्रत्यक्षात कपाटात पडून असतो. म्हणून ३१ मार्चला वॉर्डची कपाटंही मोजा. फुकट आलेल्या औषधाला दरकराराचा (सरकारी खरेदीसाठी ठरवलेला) दर लावा.

जिल्हा_लेखा: बरोबर. यंत्रांचंही तसंच, पूर्ण किंमत एकाच वर्षावर टाकू नका. १० लाखांचं यंत्र, आयुष्य १० वर्षं, गुंतलेल्या पैशावर व्याजदर ३ टक्के धरला तर वर्षाला सुमारे १,१७,२३०. शेवटी ओपीडीचा एकूण खर्च भेटींनी आणि वॉर्डचा खाट-दिवसांनी भागा. खाट-दिवसांसाठी एचएमआयएसमधल्या (आरोग्य माहिती प्रणालीतल्या) मध्यरात्रीच्या रुग्णसंख्येची वर्षभराची बेरीज घ्या. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलेले तीत येत नाहीत, ते आंतररुग्ण रजिस्टरवरून वेगळे मोजा.

लेखाशाखा_ग्रारु: रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या समितीच्या) पैशातून एक्स-रे फिल्म घेतल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सेवा मोफत होण्याआधीच्या वर्षांत एक्स-रेची फी जमा व्हायची, त्या वर्षांचा खर्च काढताना ती वजा करायची का?

जिल्हा_लेखा: नाही. वापरलेल्या फिल्म पूर्ण खर्चात, फी उत्पन्नाच्या रकान्यात.