दुसऱ्या देशातला उठाव आणि बाहेरची विमानं

अरण्यरुदन (धागाकर्ता):
कुठल्याही देशात लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने गोळ्या घालायला सुरुवात केली, की दोन दिवसांत मागणी सुरू होते: बाहेरच्यांनी मध्ये पडावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. शस्त्र घेऊन पडू नये. निर्वासितांना आसरा द्या, हुकूमशहाची परदेशातली खाती गोठवा, त्याला हत्यारं विकणं बंद करा. विमानं पाठवू नका.

लिबिया घ्या. १७ मार्च २०११ ला सुरक्षा परिषदेने १९७३ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. बाजूने १०, विरोधात कुणी नाही. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ. काम सोपवलं होतं नागरिकांना वाचवण्याचं. बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहरावर चालून आलेले सरकारी रणगाडे पहिल्या काही दिवसांतच मागे हटले, पण नाटोची मोहीम ३१ ऑक्टोबरपर्यंत चालली. २० ऑक्टोबरला सिर्तमधून पळ काढणाऱ्या हुकूमशहा गद्दाफीच्या ताफ्यावर नाटोनेच हल्ला केला. तो रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपात लपला, बंडखोरांनी तिथून ओढून काढला आणि त्यांच्या ताब्यात असतानाच तो मेला. गद्दाफीसाठी अश्रू ढाळायची मला हौस नाही. पण पळणाऱ्या ताफ्यापासून कुठल्या नागरिकांना वाचवत होते? शस्त्रागारं लुटली गेली, त्यातली हत्यारं मालीपर्यंत पोचली, पुढे २०१४ मध्ये एका देशात दोन सरकारं झाली. बॉम्ब टाकणारे तोवर घरी गेले होते.

रोखठोक:
साफ असहमत. १९ मार्चला फ्रेंच विमानं आली तेव्हा रणगाडे बेनगाझीच्या वेशीवर होते. त्याआधी गद्दाफी टीव्हीवरून घराघरात, गल्लीगल्लीत शिरून साफसफाई करण्याच्या धमक्या देत होता. त्या शहरातल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? खाती गोठवली आहेत, जरा दम धर?

आणि मध्ये न पडण्याचा हिशोब कोण मांडणार? सीरियात दरा शहरातल्या शाळकरी पोरांनी भिंतीवर घोषणा लिहिल्या, त्यांना पकडून छळलं, त्यातून त्याच मार्चमध्ये उठाव पेटला. तिथला हुकूमशहा असद, त्याला रोखायला नाटोची विमानं गेली नाहीत. निम्म्याहून अधिक देश घरादाराला मुकला.

अरण्यरुदन:
सीरियाचं नाव काढलंत ते बरं झालं. ४ ऑक्टोबर २०११ ला सीरियाचा साधा निषेध करणारा ठराव रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला. रशियाच्या प्रतिनिधीने तेव्हा उदाहरण दिलं ते लिबियाचंच. असदला वाचवायला त्यांना निमित्त हवंच होतं हे मान्य, पण ते आयतं हातात दिलं कुणी?

तिरकस:
दोघंही १९७१ ला वळसा घालून चाललाय. मुद्दाम?

रोखठोक:
मी येतच होतो तिकडे. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळालं, सत्ता मिळाली नाही, २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यायला सांगितलं. तेव्हा जगाचं ऐकलं असतं तर?

अरण्यरुदन:
ते प्रकरण वेगळं आहे. एक कोटी निर्वासित दारात आल्यावर तो दुसऱ्याचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. शिवाय ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर हल्ला पाकिस्तानने केला. ढाक्यात बसवायला निवडून आलेला पक्ष तयार होता. आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य परतलं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

तिरकस:
म्हणजे आपण केली ती मुक्ती आणि त्यांनी केली ती दादागिरी. छान. ३ डिसेंबरच्या आधी मुक्तिवाहिनीला शिबिरं, हत्यारं, प्रशिक्षण कोण देत होतं? गरीबपूरची रणगाड्यांची लढाई २१ नोव्हेंबरची आहे, आणि गरीबपूर सीमेच्या पलीकडे येतं. मला १९७१ बरोबरच वाटतं. पण ‘आधी त्यांनी मारलं’ हे पांघरूण घेऊ नका.

सांजवात:
धागा सुरू झाल्यापासून सगळे एक गोष्ट गृहीत धरून बोलताय, की बाहेरचे येतात ते लोकांच्या बाजूने. बहुतेकदा ते राज्यकर्त्याच्या बाजूने येतात, आणि त्यावर असे धागे निघत नाहीत.

लिबियाच्या ठरावाला तीन दिवस असताना, १४ मार्च २०११ ला, सौदी सैनिकांच्या गाड्या समुद्रावरच्या पुलावरून बहारीनमध्ये शिरल्या. निमंत्रण राजाचं. निदर्शक मनामातल्या पर्ल चौकात तंबू ठोकून बसले होते. दोन दिवसांत चौक रिकामा केला आणि १८ तारखेला चौकातलं मोत्याचं उंच स्मारकही पाडून टाकलं. पुन्हा जमायला खूण नको! अमेरिकेचं पाचवं आरमार त्याच शहरात मुक्कामाला. लिबियासारख्या उड्डाणबंदीचं (सरकारी विमानांना आकाश बंद) नावही कुणी काढलं नाही. हंगेरी १९५६, कझाकस्तान २०२२... यादी वाढवता येईल.

कायदाही याच बाजूला झुकलेला आहे. निकाराग्वाच्या खटल्यात १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं, की सरकारने मागितलेली मदत चालते, विरोधकांनी मागितलेली नाही. त्यामुळे ‘कुणीच हस्तक्षेप करू नये’ हा नियम प्रत्यक्षात फक्त एकाच बाजूला लागू होतो. धागाकर्ते यावर काय म्हणतात?

अरण्यरुदन:
बहारीनचा मुद्दा पटला. राजाने बोलावलं म्हणून गेलेलं सैन्यही मला नकोच आहे, ते वर लिहायला हवं होतं. पण एकाने चुकीच्या बाजूने सैन्य घातलं म्हणून दुसऱ्याने योग्य बाजूने घालावं, यातून उठाव वाचत नाही. त्याचं परक्यांचं युद्ध होतं, सीरियात झालं तसं.

आग्यावेताळ:
सगळ्यात वाईट प्रकार राहिलाच: चिथावणी द्यायची आणि अंग काढून घ्यायचं. कुवेतचं युद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९९१ मध्ये, थोरल्या बुशने इराकी सैन्याला आणि जनतेला सद्दामला हटवण्याचं जाहीर आवाहन केलं. मार्चमध्ये बसरा, नजफ, करबला पेटलं, मग कुर्द उठले. ३ मार्चला सफवानच्या तंबूत युद्धबंदीची बोलणी झाली, तिथे इराकी सेनापतींनी मागितलं काय, तर हेलिकॉप्टर उडवायची परवानगी. पूल उडालेत, अधिकाऱ्यांना ये-जा करायची आहे, ही सबब. अमेरिकेच्या जनरल श्वार्झकॉफने दिली. त्याच हेलिकॉप्टरांतून बंडखोरांवर गोळीबार झाला. अमेरिकी फौजा तेव्हा दक्षिण इराकमध्येच होत्या.

मदत करा किंवा करू नका. पण येणार नसाल तर रेडिओवरून हाळी देऊ नका.

रोखठोक:
+१. आणि पुढचंही सांगा की. कुर्द डोंगरात पळाले, टीव्हीवर ते दिसलं, तेव्हा उत्तरेत सुरक्षित पट्टा केला, उड्डाणबंदी आली आणि ती २००३ पर्यंत टिकली. कुर्द तगले. मर्यादित हस्तक्षेप जमतो याचा याहून चांगला पुरावा नाही.

अरण्यरुदन:
दक्षिणेतही ऑगस्ट १९९२ पासून उड्डाणबंदी होती. सद्दामने तिथले दलदलीचे प्रदेश बांध घालून, कालवे खणून कोरडे केले आणि तिथल्या लोकांना हुसकलं. त्याला विमानं लागत नाहीत.

रोखठोक:
म्हणजे जमिनीवर सैन्य हवं होतं, असंच म्हणताय ना?

अरण्यरुदन:
नाही. तो प्रयोग २००३ मध्ये करून झाला.

रोखठोक:
२००३ मध्ये उठाव कुठे होता? ते सरळसरळ आक्रमण. उठाव १९९१ मध्ये होता, आणि नेमकं तेव्हा सैन्याला हात बांधून उभं केलं होतं.