विषय: पुन्हा: पुन्हा: पाहुण्यांचं विमान, 13 तास कुठून आले?

मंडळी, शीटमध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को 7,300 मैल, ताशी 560 ने 13 तास असं धरलंय. मुंबईहून शनिवारी दुपारी 4 ला निघणार, म्हणजे आपल्याकडे सॅन फ्रान्सिस्कोत शनिवारी पहाटेचे 3:30. त्या हिशोबाने 13 तासांनी, दुपारी 4:30 ला व्हॅन, तालीम संध्याकाळी 7 ला. हॉल 9 ला बंद. तिकीट प्रायोजकांकडून अजून आलेलं नाही. कुणीतरी आकडा तपासा, व्हॅनवाल्याला आजच कळवायचंय.
– सचिव

7,300 आहेत ते नॉटिकल मैल! 22 वर्षं बोटीवर काढली, झोपेतही सांगेन. एक नॉटिकल मैल 1.852 किमी. म्हणजे साधारण 13,500 किमी, आपल्या गाडीच्या मैलात 8,400. आता 560 ने भागा: 15 तास. तेही नुसतं हवेतलं.
– काका

काका, साइटवर फक्त 'एनएम' लिहिलं होतं, मला तो 'मैल'च वाटला. चूक कबूल. पण पिवळा रकाना मी भरते, त्यात परस्पर 15 कुणी टाकलं? आधी विचारत जा.
– वाहतूक समिती

15 सुद्धा कमीच. 13,500 ही पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेली वाट. ती सायबेरियावरून आर्क्टिककडे जाते, भिंतीवरच्या नकाशावर बघाल तर पटणार नाही. विमान तशीच जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा वळसा पडला, काहींना मध्ये इंधनाला उतरावं लागलं. रशियावरून सगळ्यांना जाता येत नाही, ते वेगळंच. कंपनी कोणती ते आधी कळवा. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, चढणं, उतरणं. मी 16 धरीन.
– एक सभासद

लांब वाट म्हणजे जास्त वेळ, असं काही नसतं हो. 2016 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला लागले. वाट 1,400 किमीने वाढली, वेळ मात्र दोनेक तास वाचला. पश्चिमेकडून येणारा वारा पाठीशी. म्हणून जाताना आणि येताना तास वेगळे.
– आणखी एक सभासद

वारा राहू दे. सासूबाई आल्या तेव्हा 'लँडेड' बघून मी दारातच गाडी लावली. त्या बाहेर आल्या दीड तासाने. व्हीलचेअरवाला यायचा होता, मग इमिग्रेशन, मग एक बॅग दुसऱ्याच पट्ट्यावर. तोवर पोलिसाने मला चार वेळा हाकललं. उतरण्याच्या वेळेत एक तास मिळवूनच व्हॅन बोलवा.
– वहिनी

ठीक. 3:30 अधिक 16, म्हणजे संध्याकाळी 7:30 ला उतरणार. व्हॅन 8:30 ला. शनिवारची तालीम रद्द, रविवारी सकाळी 10 ला. शीट समितीनेच बदलावी, मी हात लावत नाही. कंपनी कळली की परत लिहितो. रविवारी हॉलची किल्ली कुणाकडे आहे?
– सचिव

माझ्याकडे नाही. मागच्या वेळी काकांनी नेली होती.
– खजिनदार