उरानोस म्हणजे आपला वरुण का?

ग्रीक पुराणकथा वाचताना उरानोसपाशी अडखळलो. आकाशाचा आदिदेव, गैया म्हणजे पृथ्वीचा मुलगा आणि नवराही. नाव वाचताच वरुण आठवला. शब्द एकच असावा का? मराठी भाषांतरात सरळ 'वरुण' लिहिलं तर चालेल?

—

नका लिहू. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच विद्वानांना तसं वाटे खरं, पण उच्चारांचं गणित जमत नाही. अथेन्सकडे 'ऊरानोस', तर डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीत तोच शब्द दीर्घ ओ लावून 'ओरानोस'. आपल्याकडे सप्तचं सत्त आणि मग सात झालं ना? व्यंजन गळालं, स्वर लांबला. इथंही तसंच, म्हणून मूळ रूप 'वोर्सानोस'सारखं धरतात. त्यातला 'र्स' म्हणजे आपल्या 'वर्षा'तला 'र्ष'. उरानोस हा पाऊस पाडणारा. 'वरुण'मध्ये गळायला जोडाक्षरच नाही.

—

वर्षा पटली. पण कथेतलं काम पाहिलं तर तो वेदांतला आकाशदेव द्यौ वाटतो, द्यावापृथिवी या जोडीतला. गंमत अशी की 'द्यौ'चा सख्खा भाऊ शोभणारा ग्रीक शब्द झ्यूस, आणि झ्यूस तर उरानोसचा नातू! काम द्यौचं, नाव पावसाचं, चेहरा वरुणाचा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात हा बाप पोरांना जन्मताच पृथ्वीच्या पोटात कोंडतो. शेवटी गैयाच विळा घडवते आणि धाकटा मुलगा क्रोनोस, झ्यूसचा बाप, त्या विळ्यानं बापाचं पुरुषत्व छाटतो. आपल्या द्यौवर असला प्रसंग आलेला नाही.

—

युरेनस ग्रहाचंही बघा. हर्शेल या खगोलज्ञाला तो १३ मार्च १७८१ ला दिसला. हर्शेलला ग्रहाला इंग्लंडच्या राजाचं, जॉर्जचं नाव द्यायचं होतं. 'युरेनस' सुचवलं बोडे या जर्मन खगोलज्ञानं: गुरूचा (म्हणजे झ्यूसचा) बाप शनी (म्हणजे क्रोनोस), तर शनीचा बाप त्याच्या पलीकडे असावा. मराठीनं मात्र शोधणाऱ्यालाच ग्रह करून टाकलं, हर्षल! (आता पोरांची नावंही हर्षल ठेवतात, ती हर्षावरून म्हणे.) हिंदीत अरुण. 'वरुण' नेपच्यूनकडे गेलाय, म्हणजे तुमचं भाषांतर वाचणारा एक ग्रह पुढे जाऊन पोचेल.

—

बरं, मग 'उरानोस'च ठेवतो. कंसात आकाश लिहू का?

—

लिहा. ग्रीकांना ते नाव म्हणजे मुळात साधा शब्दच आहे. आजही अथेन्समध्ये डोक्यावरच्या आभाळाला 'उरानोस'च म्हणतात. आणि तोंडातल्या टाळूला 'उरानिस्कोस', छोटं आभाळ.