युगांडात एक सत्र शिकवायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यातल्या आम्ही दोघी गणित शिक्षिका फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या पहिल्या सत्रासाठी युगांडातल्या ग्रामीण शाळेत विनामूल्य शिकवायला जाणार आहोत. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम मुद्दाम टाळला. अर्धवट धडा सोडून पाहुणा निघाला की नुकसान मुलांचंच.

पीतज्वराची लस जाण्याआधी किमान १० दिवस घ्यायची, दाखला मूळ प्रतीतच जवळ ठेवायचा, हे माहीत आहे. तो नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. पोलीस पडताळणीचा दाखला मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रातून काढू. अडलंय ते तिथे काम करण्याच्या परवान्यावर. पर्यटक व्हिसावर वर्ग घेणं योग्य नाही, मग बिनपगारी शिक्षकासाठी अर्ज शाळेने करायचा की आपण? पदवी प्रमाणपत्र साक्षांकित करायला पुण्याहून किती दिवस धरावेत?

आणि खरी काळजी भाषेची. तिथे पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत शिकवतात, चौथीपासून इंग्रजीकडे वळतात. त्यामुळे पाचवीच्या मुलाला भागाकार येतो, पण शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही. ७०-८० मुलांच्या वर्गात, फक्त फळा, बिया आणि काड्या वापरून अपूर्णांक कुणी शिकवलेत का? स्थानिक शिक्षकाला सोबत घेऊन तास कसा वाटून घ्यावा, तेही सांगा.