भाड्याच्या लहरीपेक्षा संस्था शोधा
भाऊ, इंटरनेट रेडिओ कुणाच्या तरी एफएमवर भाड्यानं चढवायची तुमची कल्पना अमेरिकेत चालते. तिथं तासावारी वेळ विकत मिळतो. आपल्याकडं सामुदायिक रेडिओची, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या एफएम स्टेशनची, परवानगी दुसऱ्याला देता येत नाही अन् एकट्या माणसाला ती मिळतही नाही. निदान ३ वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था लागते. कृषी विज्ञान केंद्रही चालतं. अशा स्टेशनची ताकद १०० वॅट, म्हणजे आवाज दहाएक किलोमीटर जातो. आपल्याला पुरे!

परवा कपाशीत निंदण सुरू होतं. धुऱ्यावर मोबाईलवर तुमचंच स्टेशन लावलं, तर रेंज गेली अन् ते चाक नुसतं गरगर फिरत बसलं. शेजारच्या आजीच्या सेलवाल्या रेडिओवर मात्र यवतमाळ आकाशवाणी खणखणीत. बाया तिकडंच सरकल्या, बाप्पा!