पुरावा तोच, निष्कर्ष मात्र वेगळा : हे कसे घडते?

प्रश्न : स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उघडलेल्या एका थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाले आणि दोन घोड्यांचे अवशेष मिळाले आणि ते पुरुष योद्ध्याचे मानले गेले, २०१७ मध्ये डीएनए तपासणीतून ती व्यक्ती स्त्री असल्याचे दिसले. मग अभ्यासकांच्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे?

प्रतिसाद १ : सापडलेली वस्तू आणि तिचा लावलेला अर्थ यांत फरक करायला हवा. शस्त्रे आहेत म्हणजे पुरुषच, हे उत्खननातून निघालेले नव्हते, तर आधीच गृहीत धरलेले होते. हाडांच्या तपासणीवरून १९७०च्या दशकातच शंका घेतली गेली होती, तरी ती मागे पडली. मला हीच बाब अधिक गंभीर वाटते.

प्रतिसाद २ : सहमत. मात्र ती व्यक्ती प्रत्यक्ष लढली होती का, हे डीएनए सांगत नाही.

प्रतिसाद ३ : कालमापनातही हाच प्रश्न येतो. लाकूड, हाडे अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचे वय त्यांत उरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. त्याचे अर्धायुष्य (त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षे असले, तरी वातावरणातील त्याचे प्रमाण बदलत आल्यामुळे मिळालेले वय वृक्षवलयांशी (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांशी) ताडून पाहावे लागते. शिवाय घरातील लाकूड तपासले, तर ते वय लाकडाचे असते, आणि जुनी तुळई नव्या घरात बसवलेली असेल तर घराचे वय त्यातून कळत नाही. म्हणून वस्तू कोठे, कशाशेजारी होती याची नोंद मोलाची ठरते. बिर्काच्या थडग्यातील मांडणीचे रेखाटन उत्खनक याल्मार स्टोल्पे यांनी करून ठेवले होते, त्यामुळेच पुढच्या पिढ्यांना त्याची फेरतपासणी करता आली.